स्टँडबाय

लाल दिवा लुकलुकतो. आत टक्‌ वाजतं,
मग काहीच नाही.
पुन्हा टक्‌.
परकारचाचा म्हणतात, घाई नको, सातव्यांदा लागतो,
आणि चहाचं आधण ठेवायला जातात.

मुहर्रकमधली खोली, खाली कोल्ड स्टोअर,
ऑगस्टात भिंतींनाही घाम.
टीव्ही आम्हा सगळ्यांच्या आधीचा.
पाठीवर मार्करने नावं: जोसेफ, त्यावर काट,
बालन, सोळा दिनार, त्यावरही काट,
मग परकार. नुसतं परकार. किंमत नाही.

शुक्रवारी मी त्याला गादीवर पालथा घातला.
तेरा स्क्रू निघाले, चौदावा आधीच कुणीतरी नेलेला.
वायर काढली म्हणजे वीज गेली असं नसतं,
मोठा कपॅसिटर धरून बसतो, कुणी विचारेपर्यंत.
बल्बची दोन टोकं टेकवली.
बल्बने एकदा डोळा मिचकावला, मगच मी हात घातला.

आत धूळ, म्हणजे वाळूच,
आणि पालीचं एक वाळलेलं पिल्लू.
फ्यूज शाबूत.
बाजूला ओळीने चार बारके कपॅसिटर,
डोकी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी ओघळ.
गार असताना यांना दम धरवत नाही,
टकटक करत तापले की कसेबसे उभे राहतात.
सातव्यांदा म्हणजे तेवढंच.

दहा व्होल्टचे होते, मी सोळाचे आणले,
चारांचे आठशे फिल्स.
वजेकडे वजा, दोनदा पाहून.
कथलाचा धूर, एसीची घरघर,
फुर्बा मोबाइलचा उजेड धरून, जांभया देत.

संध्याकाळी बटण दाबलं.
टक्‌, आणि चित्र.
फुर्बाने शीळ घातली.
चाचा स्वयंपाकघराच्या दारात, हातात साखरेचा डबा.
लागला काय?
लागला.
एवढ्यात?

मागे पातेल्यातलं पाणी अजून गारच होतं.

अकरा वर्षं ते दमाम रोडवरच्या बसमधून उतरत नसत,
बटणातून उतरत. पहिल्या टकला बूट,
दुसऱ्याला हातपाय, तिसऱ्याला खेडला मिस कॉल,
चौथ्या-पाचव्याला काय करत, मला ठाऊक नाही.
मी कधी बघितलंच नाही.
चित्र यायचं तेव्हा माणूस घरी आलेला असायचा.

आता ते येतात, बटण दाबतात,
आणि बातम्यांतली बाई
घामेजल्या शर्टाशी लगेच बोलायला लागते.
ते तिला उभ्यानेच ऐकतात, बूट घालून.

फायनलला सतरा दिवस राहिले.
काल रात्री विचारलं, जुने कुठे टाकलेस?
कचऱ्यातून काढून दिले. चारही, तळहातावर.
यांच्यात काही उरलं असेल काय रे?
नाही चाचा, हे रिकामे आहेत.

तरी त्यांनी बोट लावलं,
आधी जरा लांबूनच.