मंडपवाल्याचं बिल

खुर्च्या दोनशे, पंखे चार, माईक एक,
अन् सायबाच्या टेबलावर पांढरी चादर.
मीच अंथरली सकाळी दहाले,
निळीतून काढलेली, कडक इस्तरीची.

कोलवॉशरीच्या जनसुनावणीले अख्खं गाव आलं.
माईक मात्र पुढच्या दोन रांगांतच फिरत राहिला.
हवा मर्यादेत आहे म्हणे,
आकडे वाचून दाखवले, दशांशासकट.

दीड वाजता पंचफुला कोवे उठली.
माईक मागतला नाही.
टेबलापाशी गेली, सायबाची पाण्याची बाटली
उचलली फक्त.

खाली गोल. धुतल्या भातासारखा.
बाकी चादर चुलीमागच्या भिंतीची.

"हे लिवा," म्हणली.

बाबूनं पेन काढला, रकाना शोधला.
हरकत होती, सूचना होती,
गोलाचा रकाना नव्हता.
सायबानं बाटली परत ठेवली,
पण नेमकी जागेवर बसली नाही.

इतिवृत्त अजून आलं नाही.
चादर बाईनं नेली, ग्रामसभेत टांगाले,
धुवू नको म्हणली, मी कशाले धुतो.

बिल कंपनीच्याच नावानं फाडलं आहे :
खुर्च्या दोनशे, परत.
पंखे चार, परत.
चादर एक, पांढरी,
गावाकडे जमा.