वाकळ

माळ्यावरून वाकळ काढली तर मधोमध भोक,
चांगलं वीतभर. उंदरानं कापडाचा भुसा करून
त्यातच पिल्लं घातली होती.
टाकून द्या, पोरगा फोनवर म्हणाला,
दोन ब्लँकेटं पाठवतो.
हौसानं डावा हात खाटेवर आपटला.
उजवा आता आपटत नाही.

म्हणून सुई माझ्याकडे आली.
चौतीस वर्षं लेथवर काढली मी,
लोखंडातला केसाएवढा फरक बोटाला कळायचा.
सुईत दोरा ओवायला मात्र
मुलाण्यांच्या अस्माला हाक मारावी लागली.
चौथीत आहे. ओवून दिला आणि बजावलं,
आजोबा, गाठ मारा आधी,
न्हाईतर मागनं समदं सुटत येतंय.

हौसा पडल्या पडल्या बघते.
टाका लांब पडला की म्हणते, अं.
जवळ पडला तरी अं.
दोन्ही अं वेगळे आहेत, हे कळायला मला तीन दिवस लागले.
तिचे टाके जोंधळ्याच्या दाण्याएवढे,
एक तास संपलं की बांधावरून वळून दुसरं.
माझे म्हणजे पलूसच्या स्टँडवरची रांग.

भोकाच्या कडेनं तिनं बोट गोल फिरवलं :
आधी उसव.
कुजकं तेवढं काढ, धडापर्यंत जा, मग ठिगळ.
मी उसवत गेलो.
वर तिच्या बहिणीचं इरकली, काठ अजून लालभडक.
त्याखाली पोराची खाकी चड्डी, खिशासकट.
मग साखरेचं पोतं, त्यावर 'निव्वळ वजन' एवढंच
वाचता येत होतं, आकडा धुऊन गेलेला.
आणि पोत्याखाली आकाशी.

टेरिकॉट. पहिल्या बोनसचा.
सांगलीला जाऊन शिवून घेतलेला,
दोनदा घातला न् दांडीवरून गेला.
पाठीवर कोळशाच्या इस्त्रीचा डाग,
होडीसारखा, टोकाला जळून भोक.

तेव्हा पडवीतल्या खोलीत शिवलिंग राहायचा,
माडग्याळचा, कारखान्यात शिकाऊ.
आमच्यात जेवायचा, हौसाला वैनी म्हणायचा,
बोलताना मधेच कानडी यायचं.
चार माणसांदेखत मी त्याची ट्रंक उपडी केली.
दोन सदरे, आरसा, आईनं दिलेला भडंगाचा डबा.
शर्ट नव्हता, तरी मी म्हणालो, विकलास.
तो काही बोलला नाही.
हौसा परातीत पीठ मळत होती.
मळतच राहिली.

पहाटे खोली रिकामी. खिडकीत भाड्याचे चाळीस रुपये,
उडू नयेत म्हणून वर तांब्या ठेवलेला,
पाण्यानं भरून.
त्याच थंडीत तिनं ही वाकळ शिवली.
मी म्हणालो होतो, काय ऊब आहे गं हिला.
छत्तीस वर्षं अंगावर घेऊन झोपलो.

शर्ट तिच्यासमोर धरला.
तिनं डोळे मिटले नाहीत, हे सांगायला हवं.
तोंडाची चालती बाजू हलली, लाळ आली, मी पुसली.
पुन्हा हलली.
शिव, ती म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, परत : शिव.

शिव म्हणजे आता पुरे, सुई उचल, शिवून टाक?
की माणूस देवळाबाहेर गाल थोपटत म्हणतो ते?
की त्याचं नाव,
जे शेवटपर्यंत काढायला तिची जीभ पुरत नाही?
मी विचारलं. तिन्हीला तिनं
एकसारखीच मान हलवली.

वाकळ अजून पसरलेली आहे, सुई टोचून ठेवलीय.
ठिगळासाठी कपाटातनं माझा कारखान्याचा निळा डगला काढलाय,
आकाशी परत आत घालायचा की नाही ते ठरत नाही.
संध्याकाळी स्टँडवर जाऊन आलो.
कंट्रोलर म्हणाला, तासगावला उतरा, तिथनं जतची मिळेल,
जतमधनं माडग्याळला वडाप.
काय काम काढलंय एवढ्या लांब?
कापडाचं, मी म्हणालो.

परत आलो तर अस्मा दारात उभी.
गाठ मारली का आजोबा?