तीनशे

खडकी बाजारात, पिल्ले डिजिटलच्या पोटमाळ्यावर
मी लोकांचे डाग काढतो.
बुरशी, घड्या, टाचणीची भोकं,
एकदा तर नवरदेवाच्या फेट्यावर
कुणीतरी टेकवलेल्या चहाच्या कपाचं वर्तुळ.
सगळं निघतं. वेळ लागतो, एवढंच.

मंजुळा ओव्हाळ मंगळवारी आल्या, लाईट गेलेली असताना.
पिशवीत पिशवी, तिच्यात वही, वहीत फोटो:
अठ्ठ्याऐंशी सालचा मुलींचा कबड्डी संघ,
मागे कारखान्याची भिंत,
पाच उभ्या, सात उकिडव्या.
"सहा बाय चार. नऊ प्रती.
रविवारी भेटतोय सगळ्या."
संघ बाराचा.
मी काही विचारलं नाही.

दोन रात्री बसलो.
एकीच्या गालावरून भेग गेली होती, ती बुजवली.
एकीच्या कपाळावरचा ठिपका बुरशी समजून पुसला,
मग वाटलं, टिकली असेल. परत लावली.
आणि शेवटी, पहाटे, डोळे चुरचुरत असताना,
सेव्ह.

तिथेच त्या सॉफ्टवेअरनं तीनशेचे बहात्तर केले.
न विचारता, न सांगता.
ठिपका एकही हरवला नव्हता, बरं का.
आडवे अठराशे, उभे बाराशे, हजेरी पूर्ण.
हरवलं ते फक्त एक सांगणं,
की एका इंचात किती जणांनी बसायचं.
कुणी सांगितलं नाही तर ऐसपैस पसरणारच.
(पीएमटीत मी हे रोज बघतो,
पण तिथे निदान कंडक्टर असतो.)

मशीनला काय, कागद सहा बाय चारचाच,
चित्र झालेलं पंचवीस इंच रुंद.
मावला तेवढा मधला तुकडा छापून मोकळं झालं:
एक ढोपर, पट्टी चिकटवलेलं,
त्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात.
ठिपके एवढे मोठे की मोजावेत,
भिंतीच्या विटांसारखे.

आणि मी नऊचं बटण एकदमच दाबलेलं.
नऊ ढोपरं.
पिल्लेसर काही बोलले नाहीत,
नुसते कागदाच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले.

त्यात बाई शनिवारीच आल्या, एक दिवस आधी.
मी गठ्ठा झाकायला गेलो, तर म्हणाल्या, थांब.
चष्मा पुसला. कागद लांब धरला, मग अजून लांब,
कारण जवळून त्यात काहीच नव्हतं.
"थेरेसा," म्हणाल्या. "देहूरोडच्या मॅचला फुटलं होतं.
हात माझा आहे.
ऊठ म्हणत होते, फोटो संपला, ऊठ."

मी खुर्चीवर बसलो, फाईल उघडली.
ठिपके वाढवायचे नाहीत, घटवायचे नाहीत,
फक्त आकडा. तीन, शून्य, शून्य.
सेव्ह केली. बंद केली. परत उघडून बघितली.
मग एकच प्रत काढली.
आल्या सगळ्या, दाटीवाटीनं,
चेहरे नखाएवढे, पण डोळे डोळ्यांच्या जागी,
टिकलीसकट.

नऊ प्रती मोजून घेतल्या बाईंनी.
वर एक ढोपर मागितलं, त्याचे पैसे द्यायला लागल्या.
"त्यांना दाखवाल उद्या?" मी म्हटलं, "थेरेसाबाईंना?"
त्या पिशवीत पिशवी घालत होत्या.
गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, नाही.

उरलेली आठ माझ्या खणात आहेत.
मॉनिटरच्या कडेला मी चिठ्ठी लावली आहे:
सेव्ह करताना तीनशे बघ.
खाली पिल्लेसरांच्या अक्षरात:
आणि आधी एकच काढ.