सव्वादोनचं माप

दोघींच्या हातांचं माप एकच, सव्वादोन.
अख्ख्या नाशकात हे मला एकटीला ठाऊक.
मी कासारीण. गप्प बसते.
काचेचे पैसे थोडे, गप्प बसण्याचे जास्त.

पंचवटीत म्हाळसाबाई सायखेडकर, सावकारीण;
नदीच्या अल्याड, तिवंध्यावर, सगुणाबाई इनामदार.
हिनं चैत्रगौरीला चांदीचा पाळणा केला,
तर तिनं झालर लावली बसऱ्याच्या मोत्यांची.
तिची नथ एवढी जड की दोऱ्यानं केसांना टांगलेली,
हळदीकुंकू घेताना मान हलायची नाही.
बायका म्हणत, काय तो तोरा!
मग हिनं पन्ह्यासाठी मुंबईहून बर्फ मागवला,
आगगाडीनं, भुशात पुरून,
पुढं घोड्यांच्या ट्रामनं.
दारात आला तेव्हा नारळाएवढा उरला होता.
तरी महिनाभर गावात बोलणं बर्फाचंच.

हात दाबून बांगडी चढवताना
दोघी एकच विचारायच्या: “तिकडं कुठल्या भरल्या?”
मी दोघींना खोटं सांगायची.

गाठीच्या तापाच्या साली गाव रानात गेलं, झोपड्यांत.
इनामदार परतले नाहीत.
काच फुटली म्हणू नये, वाढवली म्हणतात.
त्या दिवशी कासारणीला कुणी बोलावत नाही.

चैत्रात म्हाळसाबाईंचा पाळणा लाकडी.
पन्हं माठातलं.
बायका कुजबुजल्या, सावकारी बसली वाटतं.
मला म्हणाल्या, “भर.” तिकडचं काही विचारलं नाही.
भरून झाल्यावर मात्र हात तसाच पुढं ठेवून,
“याच मापाच्या आणखी डझनभर.
बांधून तिवंध्यावर दे. मागल्या दारानं.”
मी तोंडाकडे बघत राहिले.
“बघतेस काय? तिचं माप मला माहीत नाही होय?”

सहा चैत्र मी ते पुडकं नेलं.
सगुणाबाई आलवणातून हात काढायच्या,
घ्यायच्या. बोलायच्या नाहीत.
कुठं ठेवायच्या, कुणास ठाऊक.
सातव्या खेपेला माझ्यासमोरच गाठ सोडली,
एक बांगडी उजेडात धरली, नखानं वाजवून पाहिली.
“सांग तिला,” म्हणाल्या,
“हिरवा यंदा शेवाळी आहे. डोळे गेले का तिचे?”

मी पूल ओलांडून तशीच गेले
आणि शब्दाला शब्द सांगितला,
इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरा.

म्हाळसाबाई सुपारी कातरत होत्या.
अडकित्ता खाली ठेवला.
ओसरीवर जाऊन दिवाणजींना हाक मारली:
मुंबईला तार करा.
बर्फ.