तिसरी रांग

गुरुवारी चॅपेलच्या मागची खोली आमची.
हीटर एकच, तोही खोकतो.
टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली दोन जाड पुस्तकं :
ती टेकडी.
पायथ्याशी एलामचे तिरंदाज, तीन रांगांत,
एकेक जण अंगठ्याच्या पेराएवढा.

हेडली म्हणतो, तिसरी रांगसुद्धा बाण सोडणार.
ग्विलिम म्हणतो, कुणाच्या डोळ्यांनी?
समोर सगळ्या आपल्याच माणसांच्या पाठी.
"डोक्यावरून. बाण वर जातो, मग खाली येतो.
त्याला काय बघायचंय?"
"सोडणाऱ्याला बघायचंय."
"टेकडीवरचा ओरडून सांगेल."
"तुझ्या टेकडीवर कुणी नाही, हेडली.
तिथं तुझा चहाचा कप आहे."

पंच मी. पान सत्तेचाळीस, कलम तीन,
दोनदा वाचलं, दोनदा माझ्याच डोक्यावरून गेलं.
शिपायाला दिसेल तेवढंच खरं, असं काहीतरी.
म्हणजे कुणीतरी गुडघे टेकायचे,
हनुवटी कापडाला लावायची, एक डोळा मिटायचा
आणि पेराएवढं व्हायचं.
आम्हा तिघांत मिळून धड गुडघे दोन.

कोपऱ्यात ग्विलिमची नात भूगोल करत बसली होती.
नेस्टा खाली वाकली, ती बराच वेळ वर आलीच नाही.
"काय दिसतं?"
"माना. मानांवरचे केस.
एकेक केस काढलाय कुणीतरी."
"आणि असिरियन?"
"अजिबात नाही."
ग्विलिम हसला. खुर्चीत मागे रेलला.
"पण आजोबा, यांना डोळेच नाहीत.
पुढच्या दोन रांगांना आहेत, पांढऱ्यात काळा ठिपका.
यांची तोंडं नुसती तपकिरी."

एमरिसचं सैन्य ते.
मार्चमध्ये आयलवेननं हेडलीच्या दारात आणून दिलं,
बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून.
आत आली नाही.
पुढून मागे रंगवत आला असणार तो,
रांगेमागून रांग.
आम्ही इतके गुरुवार खेळलो, कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

हीटर खोकला.
मी म्हणालो, तिसरी रांग सोडेल. निम्मे फासे.
"कुठल्या कलमाखाली?" असं ग्विलिम विचारील म्हणून
पुस्तक आधीच मिटून ठेवलं.

हेडली फासे मुठीत घेऊन हलवत राहिला,
नुसता हलवतच राहिला.
ग्विलिमनं टेप ओढला,
त्या बिनडोळ्यांच्या पायापासून
स्वतःच्या पहिल्या ढालीपर्यंत धरला.
"अकरा इंच," तो म्हणाला,
"टप्प्यात आहे."
त्याला कुणी विचारलं नव्हतं.