कारण अज्ञात

विद्यापीठातून पत्र आलं होतं :
संशोधकांनी आपलं काम
लोकांना समजेल अशा भाषेत मांडावं.
वेळ वीस मिनिटं.
प्रवासखर्च मिळेल, पावती जोडावी.

म्हणून मी चिनावलला,
रविवारी, सोसायटीच्या गोदामात,
खताच्या पोत्यांना पाठ लावून उभी.
समोर चाळीसेक माणसं, दोन कुत्री,
मागे मांडववाल्याकडून आणलेला पांढरा पडदा
आणि त्यावर, लाईट जाईपर्यंत, माझं नाव :
शबनूर रमजान तडवी.

लाईट गेली.

झांबरे सर खुर्चीतून पुटपुटले,
गोषवारा सांग.
गोषवारा पाठ होता मला, इंग्रजीत.
माझी आई ज्या बोलीत मीठ मागते
त्या बोलीत त्यातलं एक वाक्य येईना.

मग मी बिस्किटांचा डबा उघडला
आणि जुन्या पेपरावर ओतल्या
अंगठ्याएवढ्या, काळपट, वाळक्या गोळ्या.
म्हटलं, ही घुबडाची शीट नव्हे.
गव्हाणी घुबड उंदीर आख्खा गिळतं,
पचेल तेवढं पचवतं,
हाडं नि केस उरतात त्यांची गोळी करून
पहाटे तोंडावाटे टाकतं.
पडक्या जिनच्या भिंतीखाली
सहा वर्षं मी ह्याच वेचल्या.

कोणीतरी हसलं.
पारूबाई नेहेते म्हणाल्या,
"एवढं शिकून घुबडाचं ओकलेलं येचलं व माय?"
हो, म्हटलं. सहाशे बारा.

त्यांनी बांगडीतली पिन काढली,
पेपराशी फतकल मारली,
आणि मला प्रयोगशाळेत तीन महिने जमलं नव्हतं
इतक्या हलक्या हातानं
केसांच्या गुंत्यातून एक कवटी सोडवली.
दाराच्या उजेडात धरली.
"पाहा, पुढचे दोन दात कसे, सुताराच्या पटाशीवानी.
माह्या कोठीतली दादर यानंच खाल्ली."
पोरं पुढे सरकली. मग बायाही.
अपशकुनाचं पाखरू म्हणणारा एक जण
जबड्यातल्या दाढा मोजायला बसला
आणि दोनदा चुकला.

मी खडूनं फरशीवर रेघ काढली :
इथे घुबडं वाढली, इथे थोडी कमी,
आणि ह्या एका सालात
रेघ एकदम विहिरीत पडल्यासारखी.
का पडली?
दुष्काळ तपासला, विषारी औषधं तपासली,
तीन रात्री आकडे उलटेपालटे केले.
प्रबंधात लिहिलं आहे, कारण अज्ञात.

मागून, पोत्यांच्या आडून, आवाज आला.
"त्या साली जिनचे पत्रे इकले ना भंगारात."

उखर्डू तायडे. रात्रपाळीला पाणी भरतात केळीला.
उभे राहिले नाहीत,
बसल्या बसल्याच बोलले, तंबाखू मळत :
"ट्रक भरून पत्रे गेले, तं पाखरं कुठी ऱ्हातीन?
आठ दिवस चिरकत होते माह्या डोक्यावरून.
मंग गेले नदीपल्याड, रायपनिंगच्या मागं.
आता तिकडंच हायेत.
तुम्ही तिकडं मोजलेच नसतीन."

मोजलेच नव्हते.
झांबरे सरांनी चष्मा काढला,
पुसला, परत काढून पुसला.
प्रबंध बांधून झालेला, सोनेरी अक्षरांचा,
पान एकशे त्रेचाळीस.

विचारलं, काका, हे आधी का नाही सांगितलं?
त्यांनी खरंच थोडा विचार केला.
"तुम्ही भिंतीखाली खाली मान घालून असायच्या.
मले वाटलं, काही हरपलं आसंन पोरीचं."

लाईट आली तेव्हा
पडद्यावर माझं नाव पुन्हा उमटलं.
कोणी बघत नव्हतं, मीही नाही.
पारूबाईंना दुसरी गोळी हवी होती, मोठी,
"आमच्या गल्लीतल्या पोरायले दाखवाले."
दोन दिल्या, कागदात बांधून.

परतीच्या एसटीत वही सापडेना.
म्हणून तिकिटाच्या पाठीवर लिहिलं :
उखर्डू तायडे, चिनावल. पत्रे. नदीपल्याड.
अक्षर फैजपूरच्या गतिरोधकावर हललंय.

ती पावती आता जोडता येणार नाही.