खिळ्याची शाई

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये नवं मशीन उतरलं
त्या दिवशी सगळे मशीन बघत होते.
मी खोका बघत होते.

परदेशी फळ्या, दोन बोटं जाड,
अंगावर डागलेलं कुठल्याशा बंदराचं नाव, अर्धंच.
भंगारवाला किलोवर मागत होता.
अमीनसाहेब म्हणाले, न्या, रिटायरमेंटची भेट समजा,
टेम्पोचं भाडं मात्र तुमचं.

रावपुऱ्यात जिन्यावरच कुणी विचारलं, कसलं लाकूड?
ओक, म्हटलं.
ते तर तुमचं आडनाव झालं. लाकूड कसलं?

धनसुखभाईंनी फळीला नख लावलं,
जिभेचं टोक लावलं, आणि थुंकले.
कात चघळल्यासारखं, म्हणाले.
चाळीस वर्षं त्यांचा हात सागावर बसलेला.
सागाला आपली सवय असते,
हे लाकूड रंध्याला उलट उत्तर देतं.
पहिल्या दिवशी पातं तीनदा परजावं लागलं.

मी अकाउंट्समधली. बत्तीस वर्षं ताळेबंद जुळवला,
पण हातात गुण्या धरला तेव्हा कळलं
काटकोन किती दुर्मिळ असतो.
आमच्या घरातल्या एकाही भिंतीला तो ठाऊक नाही.

चौथ्या कप्प्याची फळी मी कापली.
दोन सूत आखूड.
गुपचूप भिंतीला टेकवून वर गोणपाट टाकलं.
जेवण झाल्यावर धनसुखभाईंनी गोणपाट उचललं,
सागाची एक चीप तासली, सरस लावून बसवली.
“उतावळ ना करो, बेन,”
एवढंच, तेही फळीकडे बघून.
तिथे उजवीकडे आता एक तांबूस रेघ आहे,
देशी.

खिळे उपटले तिथे तिथे लाकूड काळं पडलेलं.
बुरशी नव्हे, जळकंही नव्हे.
भाचा निरंजन केमिकलवाला, त्याने सांगितलं:
लाकडातला तुरटपणा, खिळ्यातलं लोखंड, थोडी ओल,
झाली शाई.
जुन्या दौती अशाच भरायच्या.
ॲसिडने निघेल, मावशी.
राहू दे, म्हटलं,
आणि रात्री मोरीत हात धुताना पाहिलं,
माझीही बोटं निळी-काळी,
शाळेतून आल्यासारखी.

म्हणजे समुद्रभर, खोक्याच्या बाहेरच्या अंगाने,
खारं पाणी पीत, कुणी न सांगता
हे लाकूड लिहीत होतं
प्रत्येक खिळ्याशी एक पूर्णविराम.
वाक्य कुठे आहे ते मी शोधलं नाही.

मग जवसाचं तेल. तीन हात,
दोन हातांमध्ये दोन दोन दिवस.
तेलाची चिंधी चुरगळून टाकायची नाही,
आपोआप पेटते.
म्हणून यांच्या निळ्या सदऱ्याचे चार तुकडे
गच्चीत चिमटे लावून वाळत घातले.
आठ वर्षांनी तो सदरा पुन्हा दोरीवर.
समोरच्या गॅलरीतल्या बाई बघत राहिल्या.
बडोद्याचं ऊन, एका दुपारीत कडक.

कपाट उभं केलं तेव्हा
कप्प्यांना खालून हात फिरवला.
पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या राहिल्यात.
धनसुखभाईंचे गुजराती आकडे,
माझं मराठी ‘वर’, ‘भिंतीकडे’,
आणि एके ठिकाणी ‘चुकलं’.
तेल त्यांच्यावरूनच गेलं. आता पक्कं.

पुस्तकं यांची. अजून पलंगाखालीच आहेत,
पुठ्ठ्याच्या खोक्यांत, सुतळी बांधलेली.
एका खोक्यातून काढून दुसऱ्या खोक्यात
ठेवायची, एवढंच तर काम.
तेलाचा वास गेला की लावेन,
असं सांगते विचारणाऱ्यांना.

वास कधीच गेलाय.

सकाळी चहा घेऊन समोर बसते.
ऊन पहिल्या कप्प्यात येतं, मग दुसऱ्या,
चौथ्यापर्यंत पोचायला साडेनऊ होतात.
काल त्यात नुसता गुण्या ठेवून बघितला.
बसला.